जाणाऱ्याच्या पाण्यात मीठ

प्रेमसिंग आडे याची दारव्ह्याच्या हायस्कुलातली नेमणूक तात्पुरती होती आणि तिची मुदत ३० एप्रिल १९६१ रोजी संपत होती. तो रसायन आणि पदार्थविज्ञान शिकवत असे. त्याला कायम करायचं की नाही, हे संस्थेने तपासणी अधिकाऱ्याच्या शेऱ्यावर सोडलं होतं आणि शेरा एका पाठावर मिळणार होता. सोमवार, २० फेब्रुवारी, दहावीचा वर्ग, तिसरा तास, विषय विद्युत-अपघटन. शेरा वाईट आला तर पाच मैलांवरच्या बंजारा तांड्यातल्या घरीच राहून वडिलांबरोबर कापूस आणि तूर पाहायची. त्यात कमीपणा काही नव्हता. पण त्याला शिकवायला आवडत होतं, आणि दुसरी शाळा रसायनाला माणूस शोधत असल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

त्याच्याकडे एक जाड वही होती. अमरावतीला कॉलेजात एका प्राध्यापकाने त्याला सवय लावली होती, की इंग्रजी शास्त्रीय शब्द भेटला तर पाठ करायचा नाही, आधी उकलायचा. हायड्रोजन म्हणजे ग्रीकात पाणी जन्माला घालणारा. ऑक्सिजन म्हणजे आम्ल जन्माला घालणारा. हे दुसरं नाव ठेवणाऱ्याचा अंदाज चुकला होता. ऑक्सिजन नसलेली आम्लंही पुढे सापडली, पण तोवर नाव रूढ झालं होतं. प्रेमसिंगला ही चूक फार आवडायची. वहीत अशा दोनशे सोळा शब्दांच्या नोंदी होत्या. सोमवारच्या पाठासाठी त्याने त्यातला एक काढला होता: आयन.

शुक्रवारी मुख्याध्यापक सदाशिवरावांनी त्याला खोलीत बोलावलं. पाठाचं टाचण त्यांच्यासमोर होतं.

"आडे, हे ग्रीक कशाला घातलंत?"

"सर, पोरं आयन हा शब्द नुसता घोकतात. मागच्या चाचणीत सव्वीस जणांनी व्याख्या बरोबर लिहिली. आयन करतो काय, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही."

"परीक्षेत व्याख्याच विचारतात."

"पण सर, त्या शब्दातच—"

"साहेब गणिताचे आहेत. त्यांना दिवा दाखवा. शुद्ध पाण्यात पेटत नाही, मीठ टाकलं की पेटतो. व्याख्या फळ्यावर लिहा आणि घंटा होऊ द्या. मी तीस वर्षं संस्कृत शिकवतोय. धातू सांगायला लागलो की पोरं जांभया देतात, तो अनुभव मला आहे. साहेबांना जांभई आली तर तुमचा एप्रिल झाला म्हणून समजा."

प्रेमसिंगने टाचणातला ग्रीकचा परिच्छेद तिथेच खोडला.

राहिला दिवा. शाळेच्या विहिरीचं पाणी इतकं क्षाराचं होतं की मीठ न टाकताच त्यात दिव्याची तार थोडी तांबडी होई. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर तो यवतमाळला गेला, औषधांच्या दुकानातून ऊर्ध्वपातित पाण्याची एक मोठी बाटली घेतली आणि संध्याकाळच्या मोटारीने येऊन तांड्याच्या फाट्यावर उतरला. बाकीचं साहित्य शाळेतच होतं. जिनिंग फॅक्टरीच्या ट्रकची बारा व्होल्टची बॅटरी, त्याच ट्रकचा एक लहान दिवा, आणि टॉर्चचे जुने सेल फोडून काढलेल्या कार्बनच्या कांड्या.

रविवारी दुपारी त्याचा आजोबा लखीराम ओसरीवर बसला होता. त्याला घरात सगळे दादा म्हणत. वय ऐंशीच्या घरात. नऊ वर्षांचा असल्यापासून तो बापाच्या बैलांबरोबर चालला होता. बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर रेल्वेने मीठ उतरे, तिथून ते बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांत भरून महागावपर्यंत न्यायचं, आणि येताना धान्य आणायचं. रिकामा बैल चालवायचा नाही, हा त्यांचा नियम. पुढे सडका झाल्या, गाड्या आल्या, बैल विकले गेले आणि घर शेतीत बसलं. त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र दादाने सोडली नव्हती. घरातून कोणी कुठे निघालं, की त्याच्या पाण्यात तो मिठाचा खडा टाकी. उन्हात चालणाऱ्याचं मीठ घामावाटे जातं आणि पायांत गोळे येतात, हे त्याला नऊ वर्षांचा असताना कळलं होतं. आता माणसं मोटारीने जात, तरी खडा पडेच. प्रेमसिंग शाळेत असताना त्याच्या पाण्याचा घोट कोणी दुसऱ्यांदा मागत नसे.

त्या घरात बंजाऱ्यांची गोरबोली बोलत. वऱ्हाडीत ते बोलणं साधारण असं होतं:

"काय आहे रे शिशात?"

"पाणी, दादा."

"यवतमाळून पाणी आणलं? आपल्या हिरीले काय झालं?"

"हिरीच्या पाण्यात क्षार आहेत. हे निव्वळ पाणी आहे. यात काहीच नाही."

दादाने बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "विकत घेतलं?"

"हो."

"ज्यात काहीच नाही, ते विकत घेतलं," दादा म्हणाला. चुलीजवळून प्रेमसिंगची याडी, म्हणजे आई, रुपीबाई हसली.

"मामंजी, बी.एस्सी. झाला ना तो," ती म्हणाली. "आपल्याले नाही समजत."

"हसा," प्रेमसिंग म्हणाला. "पण या बाटलीले कोणी हात नका लावू. उद्या सकाळी मले हे पाणी शाळेत न्यायचं आहे."

"न्यायचं आहे?" दादाने विचारलं.

"हो."

"बरं," दादा म्हणाला.

सोमवारी तिसऱ्या तासाला तपासणी अधिकारी वैरागडे साहेब वर्गात आले आणि शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्याजवळ काळी डायरी होती. सदाशिवराव दाराशी उभे राहिले. वर्गात अडतीस मुलं आणि चार मुली होत्या.

प्रेमसिंगने चंचुपात्र बाटलीतल्याच पाण्याने दोनदा विसळलं आणि भरलं. दोन कांड्या त्यात सोडल्या, तारा जोडल्या.

"हे शुद्ध पाणी आहे," तो म्हणाला. "यातून वीज जात नाही. म्हणून मी बटण दाबलं तरी दिवा पेटणार नाही. बघा."

त्याने बटण दाबलं. दिवा पेटला. फार नाही, चुलीतल्या विझत्या निखाऱ्याएवढा; पण मागच्या बाकावरून दिसण्याइतका पेटला.

"सर, पेटला!" तीन-चार आवाज एकदम आले. मग वर्ग हसला. सदाशिवरावांनी डोळे मिटून घेतले.

प्रेमसिंगने बटण सोडलं. कांड्या एकमेकींना चिकटल्या आहेत का ते पाहिलं, नव्हत्या. त्या काढून पुसल्या, पुन्हा सोडल्या, पुन्हा बटण दाबलं. दिवा पुन्हा पेटला. पात्र विसळलेलं होतं. कांड्या शनिवारीच धुऊन, कोरड्या पुसून ठेवल्या होत्या. राहिलं होतं फक्त पाणी.

"कुठून आणलं पाणी?" शेवटच्या बाकावरून वैरागडे साहेबांनी विचारलं.

"यवतमाळहून, साहेब."

"दुकानदाराने नळाचं भरून दिलं असेल. चालतात असे प्रकार." त्यांनी डायरी उघडली. "साहित्य सदोष, एवढं लिहितो. तुमच्याकडे दोष येत नाही. पुढचं घ्या."

दाराशी सदाशिवरावांनी डोळे उघडले आणि मान डोलावली. घ्या पुढचं, असा तिचा अर्थ होता.

प्रेमसिंगने बाटलीतलं थोडं पाणी तळहातावर घेतलं आणि जिभेला लावलं. त्या चवीचं पाणी तो दहा वर्षं शाळेत प्यायला होता.

"साहेब, दुकानदाराचा दोष नाही," तो म्हणाला. "यात मीठ आहे. ते माझ्या आजोबांनी टाकलं आहे."

या वेळी वर्ग हसला नाही. काय ऐकलं, ते मुलांना नीट कळलं नव्हतं. साहेबांनी पेन थांबवलं.

"आजोबांनी? का?"

"आमच्या घरातून कोणी निघालं, की ते त्याच्या पाण्यात मिठाचा खडा टाकतात. ते मिठाचे बैल घेऊन चालायचे, तेव्हापासूनची सवय आहे. मी काल सांगितलं, हे पाणी उद्या न्यायचं आहे. तेवढं त्यांना पुरलं."

आता वर्ग हसला, आणि त्यात साहेबांचाही आवाज होता की नाही यावर पुढे मुलांत दोन मतं झाली.

प्रेमसिंगने हात वर केला. "वह्यांत काहीच लिहू नका. शुद्ध पाण्यातून वीज जात नाही असं मी म्हटलं, पण दाखवलेलं नाही. दाखवलं नाही ते फळ्यावर जाणार नाही." मग तो दाराकडे वळला. "सर, नानाजींना किटली घेऊन बोलवाल का?"

नानाजी हे शाळेचे शिपाई. त्यांची पितळी किटली साहेबांच्या चहासाठी घासून ठेवलेली होती.

"किटली कायले पाहिजे?" नानाजींनी दारातूनच विचारलं. "साहेबाचा चाय कशात करू मंग?"

"चहा नंतर," साहेब म्हणाले.

"आंधन ठेवलं आहे म्या."

"तेच पाहिजे, नानाजी," प्रेमसिंग म्हणाला. "पत्ती टाकली नाही ना?"

"नाही अजून."

उकळत्या पाण्याची किटली वर्गातल्या स्टोव्हवर आली. प्रेमसिंगने तिच्या तोटीला रबरी नळी लावली, नळीवर ओलं फडकं गुंडाळलं आणि दुसरं टोक स्वच्छ पात्रात सोडलं. झाकणाच्या कडेला नानाजींनी कणीक लावून दिली. फडकं थंड ठेवायचं काम पुढच्या बाकावरच्या दोघांना दिलं. थेंब पडायला लागले. पहिलं चार चमचे पाणी त्याने फेकून दिलं. कांड्या बुडण्याइतकं पाणी साचायला पंचवीस मिनिटं लागणार होती. व्याख्या लिहायची नव्हती, दिवा दाखवता येत नव्हता. टाचणात जे उरलं होतं ते खोडलेलंच होतं.

त्याने सदाशिवरावांकडे पाहिलं. ते ठिबकणाऱ्या नळीकडे पाहत होते.

"तोवर एक शब्द बघू," प्रेमसिंग म्हणाला. "आयन. सांगा, आयन म्हणजे काय?"

"विद्युतभारित अणू अथवा अणुगट," सव्वीसच्या सव्वीस जण म्हणाले.

"तो करतो काय?"

वर्ग नळीतून पडणाऱ्या थेंबांकडे पाहू लागला.

"सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये फॅरडे नावाचे शास्त्रज्ञ होते. द्रवातून वीज जाते तेव्हा काहीतरी एका कांडीकडून दुसऱ्या कांडीकडे जातं, हे त्यांना समजलं होतं. पण त्या जाणाऱ्याला नाव नव्हतं. शाळा त्यांची फारशी झालेली नव्हती, ग्रीक येत नव्हतं. म्हणून त्यांनी केंब्रिजच्या एका विद्वानाला पत्र लिहून विचारलं. त्याने ग्रीकातून शब्द सुचवला. आयन. अर्थ एवढाच, जाणारा."

"कुठं जाणारा, सर?" एका मुलीने विचारलं. तिचं नाव नंदा.

"बरोबर विचारलं. दोन वाटा आहेत. ग्रीकात वाटेला होडॉस म्हणतात. ॲनोड म्हणजे वर जायची वाट, कॅथोड म्हणजे खाली उतरायची वाट. सूर्य एका बाजूला वर येतो, दुसऱ्या बाजूला उतरतो, ते डोळ्यांसमोर ठेवून ही नावं दिली. पाण्यात मीठ टाकलं की पाणी त्याची गाठ सोडवतं. दोन जाणारे मोकळे होतात. एक सोडियमचा, एक क्लोरीनचा. दोघांच्या पाठीवर ओझं असतं, त्यालाच आपण विद्युतभार म्हणतो. एक या वाटेने जातो, दुसरा त्या वाटेने."

"लॅटिनमध्येही तसंच आहे का?" हा प्रश्न साहेबांचा होता.

"हो साहेब. लॅटिनमध्ये जाणे म्हणजे ईरे. यवतमाळच्या सिनेमात दारावर एक्झिट लिहिलेलं असतं. एक्स म्हणजे बाहेर. बाहेर जातो."

मागून कोणीतरी म्हणालं, "मले वाटे ते मालकाचं नाव आहे."

हशा ओसरायच्या आत दारातून आवाज आला. "एति."

सगळे वळले. सदाशिवराव वर्गात दोन पावलं आले होते.

"एति. जातो," ते म्हणाले. "इ धातू, दुसरा गण. एति, इतः, यन्ति. ग्रीक, लॅटिन आणि आपलं संस्कृत, तिन्हींचं मूळ एकच. हे काही वेगळं नाही, आडे. हे तुम्ही मला शुक्रवारीच सांगायला हवं होतं."

"सांगत होतो, सर."

"हं," सदाशिवराव म्हणाले आणि पुढच्या बाकावर जागा करून बसले.

वैरागडे साहेबांनी अजून एक विचारलं. सोडियम ऋण कांडीकडे जातो, तर तिथे सोडियमचा गोळा दिसेल का? वर्गातले काही जण 'हो' म्हणाले. प्रेमसिंग म्हणाला की नाही, तिथे तो पोचतो पण बाहेर पडत नाही. बाहेर पडतो पाण्यातला हायड्रोजन, आणि तो बुडबुड्यांत दिसेल. मग त्याने पहिलं पात्र, दादाच्या पाण्याचं, पुन्हा जोडलं. एका कांडीवर बारीक बुडबुड्यांची रांग लागली. त्याने ते पात्र बाकांमधून फिरवलं. दुसऱ्या कांडीजवळ नाक नेल्यावर नंदा म्हणाली, "पटकीच्या साथीत हिरीत टाकतात त्या पावडरचा वास येते."

"तो क्लोरीन," प्रेमसिंग म्हणाला. "ओझं उतरवून मोकळा झालेला."

घंटा झाली तेव्हा दुसऱ्या पात्रात कांड्या बुडण्याइतकं पाणी साचलं होतं. कोणी उठलं नाही. चौथ्या तासाचे इतिहासाचे मास्तर दारापर्यंत आले, आत साहेब दिसल्यावर परत गेले. प्रेमसिंगने कांड्या साचलेल्या पाण्याने धुतल्या, मग त्या पात्रात सोडल्या आणि तारा घट्ट केल्या. किटलीतून एखादा थेंब उसळून नळीत गेला असेल तर सगळं पुन्हा करावं लागणार होतं, आणि साहेबांची मोटार चार वाजता होती.

या वेळी तो काही म्हणाला नाही. त्याने नुसतं बटण दाबलं आणि दाबून धरलं.

दिवा पेटला नाही.

पाच-सहा सेकंद गेले. दिवा तसाच काळा होता. मग मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या आणि पुढे आल्या. नानाजी दारात उभे होते. "दिवा तं लागलाच नाही," ते म्हणाले. "टाया कायच्या वाजवून राह्यले?"

बटण दाबलेलं ठेवूनच प्रेमसिंगने दुसऱ्या हाताने बारीक मीठ टाकलं, काचेच्या कांडीने ढवळलं. दिव्याची तार आधी तांबडी, मग पिवळी, मग चांगली लख्ख झाली. मग त्याने खडू घेतला आणि फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. व्याख्या लिहायची राहिली, पण ती सगळ्यांना येतच होती.

साहेबांनी चहा घेतला. नानाजींच्या म्हणण्याप्रमाणे त्या चहाला रबराचा वास होता. साहेबांनी तो संपवला. शेरेबुकात त्यांनी लिहिलं: 'प्रयोग प्रथम फसला. कारण शिक्षकाने स्वतः शोधले व लपवले नाही. प्रयोग पुन्हा करून दाखवला. शब्दांच्या उगमास वेळ अधिक दिला गेला. तथापि वर्गास आयन म्हणजे काय ते समजले आहे, याची मी प्रश्न विचारून खात्री केली. श्री. आडे यांना कायम करण्यास हरकत नाही.' सदाशिवरावांनी तो शेरा दोनदा वाचला. 'तथापि' हा शब्द चांगला वापरला आहे, असं ते म्हणाले.

संध्याकाळी प्रेमसिंग सायकलवरून तांड्यात पोचला तेव्हा दादा ओसरीवर होता.

"दादा, बाटलीत मीठ टाकलं होतं?"

"दोन खडे. शिसा मोठा होता."

"म्या हात नका लावू म्हटलं होतं ना?"

"तू म्हनला न्यायचं आहे. मंग? जाणाऱ्याच्या पाण्यात मीठ नको?" दादाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काहून? काही वाकडं झालं?"

"झालं होतं. मंग सरळ झालं. मले कायम करून राह्यले."

रुपीबाई चुलीवरून उठून आली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि गूळ आणायला आत गेली. प्रेमसिंग दादाजवळ बसला आणि वर्गात सांगितलं तेच त्याला सांगितलं. मिठाचे दोन भाग होतात, दोघं ओझं घेऊन निघतात, एक इकडे, एक तिकडे. लंडनच्या माणसाने त्यांचं नाव ठेवलं, जाणारा.

दादाने नीट ऐकून घेतलं. "रिकामा कोणी नाही जात?" त्याने विचारलं.

"नाही. रिकामा असला तर विजेच्या ओढीने तो हालतच नाही."

"हे बरोबर आहे," दादा म्हणाला. लंडनच्या माणसाबद्दल त्याचं मत चांगलं झालेलं दिसलं. "पण त्याले हे कोणं सांगतलं?"

"त्यानं पाहून शोधलं."

"आमाले तं चालून समजलं," दादा म्हणाला आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

जूनमध्ये कायम नेमणुकीचं पत्र आलं. पुढच्या वर्षी त्याच पाठाच्या आदल्या दिवशी प्रेमसिंगने पुन्हा यवतमाळहून बाटली आणली. दादा ओसरीवरच होता. या वेळी प्रेमसिंगने हात लावू नका असं सांगितलं नाही, आणि उद्या न्यायचं आहे असंही सांगितलं नाही.

"दादा," तो म्हणाला, "हे पाणी कुठं जाणारं नाही. हे शाळेतच राहणारं पाणी आहे. घरी फक्त रातभर मुक्कामाला आलं."

"बरं," दादा म्हणाला.

सकाळी प्रेमसिंगने बूच काढून एक थेंब जिभेला लावला. पाण्याला काहीच चव नव्हती. सायकलला अडकवलेल्या त्याच्या स्वतःच्या प्यायच्या बाटलीत मात्र तळाशी एक खडा विरघळत होता. तो त्याने तसाच राहू दिला आणि निघाला.